उलटा राजपुत्र

माझी लेक खोटे दात करते. कोणी तिच्या कामाचं विचारलं की पूर्वी मी "प्रयोगशाळेत असते" असं मोघम सांगायचे, म्हणजे समोरचा आपणच काहीतरी मोठं समजून घ्यायचा. एकदा तिने ते ऐकलं. म्हणाली, "आई, दात करते म्हणावं. चोरी नाही करत." तेव्हापासून सरळ सांगते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, ती त्यावर दात घडवते, भट्टीत भाजते आणि शेवटी केसाएवढ्या कुंचल्याने त्याला रंग देते. हे शेवटचं काम तिचं सगळ्यांत आवडतं. तिच्या बॅगेत सोळा दातांची एक पट्टी असते, पंख्यासारखी उघडणारी. प्रत्येक दाताची छटा निराळी आणि प्रत्येकाला ए एक, ए दोन असा नंबर. पेशंटच्या दातांशी पट्टी धरायची आणि जुळणारा नंबर लिहून घ्यायचा. बाकीचे पाच-पाच मिनिटं डोळे बारीक करून बसतात. ती एकदा बघते आणि सांगते.

तिचा संसार सात वर्षं टिकला. चूक कोणाची, हे मी इथे लिहीत नाही. मी तिची आई, माझी साक्ष कोण ग्राह्य धरणार? निकाल लागला तेव्हा नातू साडेपाच वर्षांचा होता. तो वडिलांकडे राहील, असं ठरलं, कारण तिकडे घर मोठं होतं, त्याची दुसरी आजी दिवसभर घरी होती आणि माझ्या लेकीच्या कामाच्या वेळा आडनिड्या. आमच्या वाट्याला एक आड एक रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. नाक लहान आणि गोल म्हणून आम्ही त्याला बटण म्हणायचो. बटण आला की आधी तोंड उघडून उभा राहायचा. "आई, नंबर बघ." ती पट्टी काढायची, गंभीर चेहऱ्याने एकेक दात त्याच्या दातांशी लावून बघायची आणि मान हलवायची. दुधाचे दात पट्टीतल्या सगळ्यांत पांढऱ्या दातापेक्षाही पांढरे असतात. "तुला नंबरच नाही," ती म्हणायची. हे ऐकायलाच तो आलेला असायचा. मग बूट काढायचा.

त्याचं चित्र काढायचं वेड तिला कुठून लागलं ते मला ठाऊक आहे. मोबाइलमध्ये त्याचे शेकडो फोटो होते. पण ती म्हणायची, फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघतो, माझ्याकडे नाही. शिवाय दर खेपेला तो थोडा बदलून यायचा. कधी एक दात कमी, कधी केस वेगळे कापलेले, कधी एखादा शब्द आमच्या घरात कधीच न बोलला गेलेला. पंधरा दिवसांत मूल किती पुढे जातं, हे ज्यांच्या डोळ्यांसमोर ते असतं त्यांना कळत नाही.

त्याच सुमारास तिला मास्तर भेटले. कवळीवरून भांडायला आले होते. डॉक्टरांनी वैतागून त्यांना थेट तिच्याकडेच पाठवून दिलं. वय पंचाहत्तर, उरलेले खरे दात चार, आणि तक्रार अशी की नवी कवळी फार पांढरी आहे, तोंडात कोणाचे तरी चोरलेले दात घातल्यासारखं वाटतं. माझ्या लेकीने ते चार दात पाहिले, कवळी परत आत नेली आणि दीड तासाने आणून दिली. तिने दातांच्या मुळाशी चहाच्या डागासारखा रंग दिला होता, एका दाताला तर बारीकशी चीरही काढली होती. मास्तरांनी कवळी बसवली, आरशात दोन्हीकडून पाहिली आणि विचारलं की चित्र काढतेस का. नाही म्हणाली. "तुझ्या डोळ्याला रंग कळतो. हाताला कळतो का ते बघू," म्हणाले, आणि पत्ता लिहून दिला.

किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर त्यांची एक लांबट खोली होती. जिना चढताना खालून किल्ल्या घासल्याचा आवाज आणि वरून जवसाच्या तेलाचा वास. भिंतीवर एकच चित्र. मास्तरांनी तरुणपणी एका संग्रहालयात मूळ चित्रासमोर चाळीस दिवस बसून केलेली नक्कल. मूळ चित्रापेक्षा ती दोन बोटं लहान होती, कारण संग्रहालयाचा नियमच तसा, म्हणजे नक्कल कोणी अस्सल म्हणून खपवू नये. चित्रात सहा वर्षांचा एक राजपुत्र. काळा मखमली अंगरखा, गळ्याभोवती ताटाएवढी लेसची कॉलर, एक हात छोट्या तलवारीच्या मुठीवर, ओठ घट्ट मिटलेले. पावणेचारशे वर्षांपूर्वीचा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, एवढ्याशा पोराला इतकं अवघडून का उभं केलं असेल. मास्तर म्हणाले, "आजोळी पाठवायला. दुसऱ्या राज्यात आजी असायची. नातू केवढा झाला ते तिला कळायला नको? चित्र वाळायला सहा महिने, वाटेत तीन. आजीच्या हातात पडेपर्यंत पोरगं एक कपडा मोठं झालेलं असायचं."

त्यांची अट एकच. आधी राजपुत्राची नक्कल पुरी करायची. ती त्यांच्या मनासारखी झाल्याशिवाय जिवंत माणसाला समोर बसवायचं नाही. आणि जिवंत माणूस रंगवायचा तर रंग समोर बसलेल्या माणसावरूनच घ्यायचा, फोटोवरून कधीच नाही. तिने विचारलं, नकलेला किती दिवस लागतील. "तुझ्यावर आहे, दातवाले," ते म्हणाले. ती हिशोब मांडून घरी आली: वर्षभर. बटण साडेसहा-सातचा असेल. चालेल.

तीन वर्षं आणि चार महिने लागले.

मला यातलं काही कळत नव्हतं, पण काळजी करायची सवय असली की माणूस सगळं शिकतो. आधी कापडावर तपकिरी रंगाचा एक हात. मग चौकोन आखून रेखाटन. ते मास्तरांनी दोनदा फडक्याने पुसलं. मग सगळं चित्र नुसत्या करड्या रंगात, उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच दाखवणारं. या थराला मास्तर 'मेलेला थर' म्हणत. मला ते नाव मुळीच आवडलं नाही, तसं मी बोललेही. ते म्हणाले, बाई, जीव नंतर येतो, आधी हाडं हवीत. आणि प्रत्येक थर वाळायची वाट पाहायची. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, आणि खालचा नीट वाळलेला हवा. घाई केली तर वर्षा-दोन वर्षांत चित्राला तडे जातात. कडेला नख टेकवून पाहायचं. ठसा उमटला की पुन्हा पंधरा दिवस. आमच्याकडे तेव्हा सगळंच पंधरा दिवसांनी यायचं.

कॉलरीने आठ महिने खाल्ले. ती बिचारी लेसचा धागा न् धागा रंगवत बसायची आणि मास्तर म्हणायचे, "दातवाले, विणकाम करू नकोस. लेस रंगवायचीच नाही. लेसमधली भोकं रंगव." हे तिला उमगायलाच चार महिने गेले.

चेहऱ्यासाठी आणखी एक नियम. मास्तरांचं चित्र आणि तिचं कापड, दोन्ही उलटी टांगायची, डोकं खाली. सरळ चेहरा समोर आला की हात आपल्या मनातलं काढतो, असं मास्तर म्हणत. उलटं असलं की नाक नाक राहत नाही, नुसता एक आकार होतो, आणि माणूस दिसतं तेवढंच काढतो.

बटणला या उलट्या राजपुत्राची भारी गंमत. रविवारी ती त्याला तासभर तिथे न्यायची. तो राजपुत्राला बघायला पाय फाकवून वाकायचा आणि स्वतःच्या पायांमधून पाहायचा. मग स्टुलावर उभा राहून लाकडी पट्टीवर हात ठेवायचा, तलवार म्हणून, ओठ दाबून. "आता मला काढ ना." मास्तर कुंचले धुता धुता गालात हसायचे. ती म्हणायची, "थांब रे राजा, आधी हा होऊ दे. मग तुझाच नंबर." दर खेपेला दारातून आत येताना त्याचा प्रश्न ठरलेला: "तुझा राजा झाला का?" पहिलं वर्षभर. दुसऱ्या वर्षी कधीकधी. तिसऱ्या वर्षी त्याने तो कधी विचारायचा सोडला, ते आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही. तोंड उघडून उभं राहणंही असंच केव्हातरी थांबलं.

मी तिला म्हणू शकले असते की घाल ते नियम चुलीत, कागद घे, पेन्सिल घे, काढ पोराला, वेडंवाकडं येईना का. मनात आलंही होतं. पण निकाल लागल्यापासून ती पहिल्यांदा कशात तरी धरून राहिली होती. रात्री जेवत होती. मी म्हटलं, चाललंय ते चालू दे. दुधाने पोळलेली मी, ताकही फुंकून पीत होते.

चौथं वर्ष लागल्यावर एका रविवारी बटण दोन वाजताच गेला. मित्राचा सामना होता, तो चुकवायचा नव्हता. जाताना नीट बोलला, डबाही घेतला, पण गेला. ती त्याला सोडायला म्हणून गेली आणि सात वाजले तरी परतली नाही. फोन उचलेना. माझ्या जिवाला थारा नाही. शेवटी मास्तरांच्या खोलीकडे गेले. खालचं दुकान बंद, वर दिवा. तिच्याकडे खोलीची किल्ली असायची.

ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. कापड सरळ लावलेलं होतं. सरळ, डोकं वर. ती ओठ रंगवत होती आणि मास्तरांच्या चित्राकडे एकदाही बघत नव्हती.

राजपुत्राच्या कपाळाखाली, राजपुत्राच्या कॉलरीवर, माझ्या नातवाचं तोंड होतं. मिटलेलंच, पण हसू दाबलेलं, डावा कोपरा किंचित वर. समोरचा दात पडला होता तेव्हा ती फट लपवायला तो असंच करायचा. सहा वर्षांचा. मी दारात उभी राहिले. तिने विचारलं, "दिसतोय का?" मी म्हटलं, "घरी चल."

बुधवारी मीही तिच्याबरोबर गेले. मास्तरांनी कापड उलटं टांगलं आणि उलट्यातही त्यांना कळलं. रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, हे नक्कल करणं नव्हे, हे आठवणं झालं. आठवण वाईट नाही, पण ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चढवायची नसते. तिथे ती टिकत नाही आणि तो चेहराही बिघडतो. रंग अजून ओला आहे, पात्याने निघेल, उद्या निघणार नाही. "खरवड," म्हणाले. "तू ठरव. मी हात लावणार नाही."

ती पातं हातात धरून बसली. मग माझ्याकडे वळली. एवढी मोठी बाई, पण लहानपणी गणित अडलं की बघायची तशी. "आई, काय करू?"

मी काय करायला हवं होतं, हे आता मला रोज सुचतं. म्हणायला हवं होतं, हे कापड राहू दे, घरी नेऊ, नक्कल दुसऱ्या कापडावर पहिल्यापासून कर. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की पोरगी वाहवत चालली आहे, तिला कुठेतरी थांबवायला हवं, आणि तीन वर्षं पाण्यात जायला नकोत. मी म्हटलं, "मास्तर सांगतात तसं कर. आता थोडक्यासाठी हट्ट नको."

तिने खरवडलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पात्यावर गुलाबी रंगाचा वाटाण्याएवढा गोळा जमला, तो तिने कागदाला पुसला. कागद टाकला नाही, बॅगेच्या कप्प्यात ठेवला. मग चित्र उलटं, राजपुत्राचं तोंड, त्याचं त्याचं. सात आठवडे.

नक्कल पुरी झाली त्या दिवशी मास्तर खुर्ची ओढून नकलेसमोर बसले. मग म्हणाले, "आता जिवंत माणूस आण." तिने मला तिथूनच फोन केला. आवाजावरून वाटलं, हिला कोणीतरी परत काहीतरी दिलंय.

त्याच महिन्यात जावयाचा निरोप आला. पूर्वीचा जावई म्हणायला हवं, पण जिभेला सवय. त्याला दुसऱ्या देशात नोकरी मिळाली होती, मुलाच्या शाळेचं तिकडेच ठरलं होतं, आणि त्याचे कागद रीतसर होते. आमच्या वकिलीणबाईंनी सगळे पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. वर्षातून एकदा सुट्टीत पाठवीन, असं तो म्हणाला होता. तो शब्दाचा वाईट नाही. पण विमान आणि रविवार यांत फरक असतो.

शेवटच्या रविवारी तिने सकाळीच मास्तरांची खोली झाडून घेतली. बॅग रिकामी केली, कुंचले भरले. कापड चार दिवस आधी तपकिरी हात देऊन ठेवलं होतं. बटण आला तो माझ्या खांद्याला लागत होता. दातांना तारा लावलेल्या, म्हणून ओठ घट्ट मिटलेले. स्टुलावर उभं राहायची गरज उरली नव्हती. खुर्चीत बसला, जड, हात खिशात. मास्तर मुद्दाम खाली किल्लीवाल्याकडे जाऊन बसले होते.

तो भिंतीकडे बघत होता. मास्तरांचा राजपुत्र आणि शेजारी त्याच्या आईचा राजपुत्र, दोन्ही सरळ, दोन्ही सारखे.

"झाला की तुझा राजा."

"झाला," ती म्हणाली.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "शेवटी तो मीच होणार. म्हणजे तू काढत काढत आलीस की शेवटी माझं तोंड येणार. लहान होतो ना."

तिचा हात थांबला. मी खिडकीपाशी होते, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. मग तिने कुंचला फडक्याला पुसला, पुन्हा रंगात बुडवला. "हनुवटी जरा खाली घे," म्हणाली.

साडेतीन तास तो बसला. मध्ये एकदा पाणी प्यायला, एकदा मोबाइल पाहिला आणि आपणहून ठेवून दिला. करडा थर पुरा झाला. हाडं आली. गालाचा नवा सपाटपणा, भुवईतला लहानपणचा व्रण, दाबलेले ओठ. रंग चढवायचा तर तो थर आधी वाळायला हवा, आणि विमान शुक्रवारी होतं.

सहाला पाच कमी असताना आम्ही त्याला त्याच्या वडिलांच्या फाटकाशी सोडलं. गाडी आत उभी होती, डिकी उघडी, घरातलं सामान हलवणं चालू होतं. तो चार पावलं गेला आणि परत आला. इकडेतिकडे कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि तोंड उघडलं. तारा, आणि तारांमागे मोठे झालेले दात.

"नंबर बघ."

तिचा हात बॅगेत गेला. पट्टी घरी टेबलावर होती. सकाळी कुंचल्यांसाठी तिनेच बाहेर काढून ठेवली होती. तिने त्याची हनुवटी दोन बोटांनी धरून उजेडाकडे वळवली, आणि एकदाच पाहिलं.

"ए दोन."

"म्हणजे आता आहे मला नंबर."

"आहे," ती म्हणाली.

त्याने तोंड मिटलं, मला मिठी मारली, तिला मारली, आणि आत गेला.

याला पाच महिने झाले. ते कापड आमच्याकडे आहे, तिच्या खोलीत, भिंतीला टेकून. थर कधीच वाळला. मी रोज झाडताना कडेला नख टेकवून बघते, ठसा उमटत नाही. मास्तर जिने चढून घरी आले, पहिल्यांदाच. म्हणाले, इतका चांगला करडा थर त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने दिला नव्हता. मग खाली बघत म्हणाले की फोटोवरून रंग घेतलास तरी चालेल, दातवाले. नियम माझाच आहे, मी मोडतो. तिने त्यांना चहा दिला, कवळी सैल झालीय का विचारलं, ती आत नेऊन घट्ट करून आणली. कापडाबद्दल काही बोलली नाही.

ती रोज कामावर जाते. लोकांच्या तोंडाशी पट्टी धरते. रात्री थोडंफार जेवते. सुट्टीला तो येईल तेव्हा दहाचा असेल, आणि हा चेहरा नऊचा आहे. त्याच्यावर कोणाचा रंग चढवायचा, हे ती मला विचारत नाही. मीही आता काही सांगत नाही. कापडाच्या उजव्या कडेला, जिथे ते चौकटीवर मागे दुमडलंय, तिथे तिने पेन्सिलीने 'ए दोन' लिहून ठेवलंय. पुढे ओठ मिटलेले आहेत.